१८-३०० एकच घ्यावी की ७०-३०० वेगळी? (निकॉन डी५६०० साठी)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे निकॉन डी५६०० आहे आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. वारी, गडकिल्ले, घरचे कार्यक्रम आणि हिवाळ्यात भिगवणचे पक्षी, एवढं तुम्हाला टिपायचंय. निकॉनची १८-३०० (एफ/३.५-६.३) घेतली तर रुंद दृश्यापासून (१८ एमएम) लांबच्या वस्तूपर्यंत (३०० एमएम) सगळं एकात भागेल, ७०-३०० वेगळी घ्यावी लागणार नाही असं वाटतं, पण ग्रुपमधल्या लोकांनी ‘असल्या लेन्सला शार्पनेस नसतो’ म्हणून मन मोडलंय.

माझं मत: घ्या. फक्त तिच्या जोडीला ३५ एमएम एफ/१.८ ही छोटी लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो). आणि काळजी करायचीच असेल तर शार्पनेसची नको, उजेडाची करा. मोठ्या झूमच्या लेन्सवर मी बराच काळ काम केलंय आणि त्यांनी मला अडवलं ते जवळजवळ प्रत्येक वेळी उजेडाच्या बाबतीत.

त्याचं कारण साध्या गणितात आहे. ३०० ला एफ/६.३ म्हणजे उजेड आत यायचं तोंड ३०० भागिले ६.३, साधारण ४८ मिलिमीटरचं. तेच एफ/२.८ हवं असेल तर १०७ मिलिमीटरचं तोंड लागतं. निकॉनची ३०० एफ/२.८ म्हणूनच जवळपास २.९ किलोची आहे आणि १८-३०० साडेपाचशे ग्रॅमची. इतक्या कमी वजनात ३०० बसवायचं तर कुठेतरी सोडून द्यावं लागणार, आणि तिथे उजेड सोडलेला आहे. ही लेन्स वाईट बनवली आहे असं अजिबात नाही.

आता याचा प्रत्यक्ष अर्थ बघा. हॉलमध्ये हळदीचा कार्यक्रम आहे, वर ट्यूबलाइट. थोडं झूम केलं की लेन्स एफ/५.६ च्या आसपास येते. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० केलं तरी शटरचा वेग १/६० सेकंदाच्या वर जात नाही. नवरीचा चेहरा स्थिर येईल, पण हळद लावणाऱ्या मावशीचा हात आणि हसून मागे वळलेली करवली, दोन्ही पुसट. इथे बरेच जण म्हणतात की व्हीआर आहे ना! व्हीआर तुमच्या हाताची थरथर सावरतं. मावशीचा हात ते थांबवू शकत नाही. त्याच जागी एफ/१.८ ची लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. त्याच आयएसओला शटर १/५०० पर्यंत जातं, किंवा १/१२५ वर राहून आयएसओ ८०० ला आणता येतो, आणि मग त्वचेचा रंग कसा येतो ते बघा. ३५ एमएम एफ/१.८ फक्त दोनशे ग्रॅमची आहे आणि तुमच्या कॅमेऱ्यावर माणूस डोळ्याला दिसतो तसाच दिसतो. घरच्या कार्यक्रमांसाठी तिला पर्याय नाही, असं मी ठामपणे सांगते.

कमी उजेडातली आणखी एक अडचण म्हणजे फोकस. एफ/६.३ वर अंधाऱ्या गाभाऱ्यात किंवा संध्याकाळी ही लेन्स फोकस शोधत मागेपुढे फिरत राहते. मधला फोकस पॉइंट निवडा आणि जिथे उजेड-सावलीची कडा आहे तिथे धरा, म्हणजे लवकर बसतो.

मग घ्या का म्हणते? वारीसाठी.

खुडूसचं गोल रिंगण डोळ्यासमोर आणा. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग विणेकरी आणि मृदंगवाले. अख्खं रिंगण घ्यायचं तर १८ हवं. तेवढ्यात गलका वाढतो आणि अश्व सुटतात. एकावर पताका घेतलेला स्वार, आणि दुसरा, माउलींचा, पाठीवर कुणी नसलेला. तो समोरून जातो तेव्हा २००-२५० लागतं, आणि हातात असतात जेमतेम काही सेकंद. अश्व पुढे गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात, तेव्हा परत ३५-५०. हे सगळं काही मिनिटांत होतं. खांद्याला खांदा लागलेला, हवेत धूळ, आणि मागून लोंढा. अशा जागी लेन्स बदलायची म्हणजे उघडा सेन्सर धुळीपुढे धरायचा, एक लेन्स काखेत धरायची आणि तेवढ्यात अश्व निघून जाणार. दोन लेन्सवाल्याला रिंगणाआधीच ठरवून टाकावं लागतं की आज लांबचं घ्यायचं की जवळचं. १८-३०० वाल्याला ठरवावं लागत नाही.

उजेडाचं काय? आषाढातलं दाट ढगाळ आभाळ असलं तरी दिवसा एफ/६.३ ला, आयएसओ १००० च्या आसपास, १/१००० शटर मिळतं. डी५६०० ला आयएसओ १००० म्हणजे काहीच नाही. दिवेघाटाच्या चढावरही तेच. ज्ञानोबारायांची पालखी चढताना समोरच्या वळणावरून दिंड्यांची रांग ३०० ला दाबून घ्यायची, आणि दहा पावलांवर बसलेल्या आजोबांचा चेहरा ७०-८० ला.

गडांवरही मुद्दा हाच. पावसाळ्यात राजगडच्या बालेकिल्ल्यावर ढग अंगावरून जात असताना कॅमेऱ्याचं तोंड उघडावंसं वाटत नाही. सेन्सरवर बसलेला धुळीचा कण एफ/११ ला आभाळात काळा ठिपका होऊन दिसतो आणि मग प्रत्येक फोटोत तो पुसत बसावं लागतं.

पण वजन वाचतं म्हणून मात्र १८-३०० घेऊ नका. १८-५५ (एएफ-पी, म्हणजे नव्या फोकस मोटरची, व्हीआर) २०५ ग्रॅम आणि ७०-३०० (एएफ-पी डीएक्स व्हीआर) ४१५, मिळून ६२०. १८-३०० आहे ५५० ग्रॅमची. सत्तर ग्रॅमनं गडाची चढण सोपी होत नाही. शिवाय १८-३०० घेतली की गळ्यात ५५० ग्रॅम कायम लटकतात. ही लेन्स घ्यायची ती बदलाबदल टळते म्हणून, बाकी कशासाठी नाही.

आता शार्पनेस, कारण तो विषय तुमच्या डोक्यातून जाणार नाही. फरक आहे, तो नाकारत नाही. ३०० ला पूर्ण उघडी (एफ/६.३) ठेवली तर कडा मऊ पडतात आणि काळा रंग थोडा धुरकट येतो. एफ/८ केलं की बरीच सुधारते. मधल्या टप्प्यात, म्हणजे २४ ते १२० वगैरे, एफ/८ ला काढलेल्या फोटोत तक्रार करण्यासारखं मला काही दिसत नाही. तुमचा कॅमेरा ६००० बाय ४००० पिक्सेल देतो, ए४ आकाराच्या चांगल्या प्रिंटला ३५०० बाय २५०० पुरतात. भिंतीवर लावायच्या फोटोत लोक कोपऱ्यातलं गवत मोजत नाहीत. रेषा मात्र वाकतात. १८ ला वाड्याचा चौकट-उंबरा बाहेर फुगतो आणि जरा पुढे गेलं की तोच आत चेपल्यासारखा दिसतो. डी५६०० च्या मेन्यूत ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल आहे, जेपीईजी काढत असाल तर ते चालू करून ठेवा. रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये लेन्सचं प्रोफाइल लावलं की झालं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. १८-३०० सारख्या लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस करताना ३०० राहत नाहीत, त्यांचा झूम बराच कमी होतो. म्हणजे पाच-सहा फुटांवरची चिमणी ७०-३०० मधून जेवढी मोठी दिसेल तेवढी इथे दिसणार नाही. उलट फायदा असा की १८-३०० अर्ध्या मीटरच्याही आत फोकस करते आणि जेमतेम सात सेंटीमीटर रुंदीची जागा पूर्ण फ्रेम भरून येते. कास पठारावर पायवाट सोडून फुलांत शिरता येत नाही आणि शिरूही नये. तिथे वाटेच्या कडेला बसून, सीतेच्या आसवांवर दवाचा थेंब पकडायला ही लेन्स फार कामाला येते.

भिगवण? कुंभारगावहून होडीनं गेलात तर रोहित पक्ष्यांच्या थव्यासाठी ३०० पुरतं, तुमच्या कॅमेऱ्याच्या लहान (डीएक्स) सेन्सरवर ते ४५० सारखं दिसतं. सकाळी लवकर जा. ऊन चढलं की पाण्यावरून निघणारी वाफ फोटो मऊ करते, तिथे महागडी लेन्सही काही करू शकत नाही. पण छोटे पक्षी, उडणारे कुरव, पाणथळीतले खंड्या हाच तुमचा खरा छंद होणार असेल, तर माझं उत्तर बदलतं. मग १८-५५ राहू दे आणि ७०-३०० एएफ-पी घ्या. तिचा फोकस झटकन आणि आवाज न करता बसतो, आणि ३०० ला ती सरस आहे. हे उत्तर आणखी कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: डी५१०० किंवा डी९० सारख्या जुन्या बॉडीवर एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, फसू नका.

निकॉनचा सगळा भर आता मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांवर असल्यामुळे तुम्हाला १८-३०० बहुधा सेकंड हँडच घ्यावी लागेल. दुकानात स्वतःचं कार्ड घेऊन जा. सपाट भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलेलं मिळालं तर उत्तम, नाहीतर विटांची भिंत. १८, ३५, १००, ३०० ला एफ/८ वर एकेक फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे सारखे मऊ असतील तर हरकत नाही, एकच कोपरा जास्त बिघडलेला असेल तर आतली भिंगं हललेली आहेत. मग मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघा. कोकणात वापरलेल्या लेन्समध्ये हे नक्की तपासा, कारण झूम करताना नळी आतबाहेर होते आणि तिच्याबरोबर दमट हवा आत जाते. घरी आणल्यावरही सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. शेवटी लेन्स खाली तोंड करून धरा. नळी आपोआप थोडी घसरली तर चालतं, लॉकचं बटण त्यासाठीच आहे. ती बाजूला डुगडुगत असेल तर मात्र घेऊ नका.

दोन्हींचे पैसे एकदम निघत नसतील आणि घरात लग्न जवळ असेल तर आधी ३५ घ्या. आषाढी जवळ असेल तर आधी १८-३००.