तंबूच्या मुक्कामात मुलांना पक्षी दाखवायचे आहेत. कोणती दुर्बीण घ्यावी आणि किती लांब जावं लागेल?

'किती लांब जावं लागेल' हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. कुठेही जावं लागत नाही. तंबूपासून वीस पावलांत जे असतं, तेच दोन दिवस पुरून उरतं. आमच्या दादाला मी हे तीन वर्षं सांगतेय.

तीन वर्षांपूर्वी मेअखेरीस आम्ही सगळे भंडारदऱ्याला गेलो होतो. आई, दादा-वहिनी, भाचा, मी आणि माझी सात वर्षांची लेक. मुरशेतच्या बाजूला एका घराच्या परसातच तंबू लावून मिळाले. मागे उंबर, कडेला करवंदाच्या जाळ्या, वरून येणारा एक बारीक ओहोळ आणि खाली जलाशय. त्या दिवसांत पाणी बरंच आटलेलं असतं. उघड्या पडलेल्या काठावर टिटव्या रात्रीसुद्धा ओरडत होत्या.

दादाने नवा कॅमेरा घेतला होता. स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा फोटो काढायचाच, म्हणून पहाटे साडेचारला भाच्याला उठवून तो गाडीने घाटघरला गेला. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा ती मागे राहिली. तिच्यासोबत मी आणि लेक.

अजून नीट उजाडलंही नव्हतं. कुणीतरी शीळ घालायला लागलं. सावकाश, मध्येच सूर सोडून दुसराच धरत, एखादं पोर रस्त्याने आपल्याच नादात चाललंय तशी. आई तंबूतूनच भाच्यावर ओरडली, "अरे, लोक झोपलेत! सकाळी सकाळी शीळ कसली घालतोस?" तो तर केव्हाच निघून गेला होता.

तो शीळकरी कस्तूर होता. ओहोळातल्या दगडावर बसलेला. सावलीत काळाच दिसतो. उन्हाची तिरीप आली तेव्हा कपाळ आणि खांदे निळे चमकले आणि लेकीने आजीचा हात घट्ट धरला. मग आईने ओट्यावर बसून, चहाचा कप हातात तसाच ठेवून, नातीला एकेक दाखवायला घेतलं. उंबरावर टुक्‌टुक्‌ करणारा तांबट, पानांत पिवळा लखलखणारा हळद्या, पाचोळा उलथणारे सातभाई, लांबून 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा. आईने आयुष्यात दुर्बीण डोळ्याला लावलेली नाही. नऊ वाजेपर्यंत लेकीच्या वहीत सतरा नावं झाली.

दादा दहाला रिकाम्या हाताने परतला. कस्तुराचं ऐकलं आणि फोन काढून त्याच पक्ष्याचा आवाज मोठ्याने वाजवायला लागला. पक्षी आला, अगदी समोर. चोचीत किडा होता. तो इकडून तिकडे उडत राहिला, शेपटी उघडमीट करत, किडा तसाच धरून. ओहोळाच्या कपारीत घरटं असणार. आई एवढंच म्हणाली, "तिकडे पिल्लं उपाशी असतील रे." दादाने फोटो काढले, चांगले आले, अजून त्याच्या दिवाणखान्यात लावलेले आहेत.

'एकदाच तर वाजवलं, काय बिघडतं' हे त्याचं म्हणणं. बिघडतं! विणीच्या दिवसांत तो आवाज ऐकून पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो चारा भरवणं सोडून भांडायला येतो. आणि 'एकदाच' म्हणणारे तिथे तुम्ही एकटे नसता. पुढच्या शनिवारी दुसरा कॅमेरेवाला येतो, त्याचंही एकदाच असतं.

आता दुर्बीण. ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. १० पटीची मुलांच्या हातात हलते आणि तिच्यातून कमी भाग दिसतो, त्यामुळे पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. मूल लहान असेल तर ८×३२, वजनाला हलकी. पहिल्या दिवशी दुर्बीण देऊच नका. आधी नुसत्या डोळ्यांनी शोधायला शिकू द्या. वेळ उजाडल्यापासून नऊपर्यंत, मग संध्याकाळी. काळोख पडला की रातवा ऐकू येतो.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मेअखेर ते जूनचा पहिला पाऊस हे भंडारदऱ्यात काजव्यांचे दिवस, म्हणून शनिवार-रविवारी तिथे गाड्या आणि स्पीकर यांचीच जत्रा असते. मधल्या वारी जा. आणि दुपारी तंबू भट्टीसारखा तापतो. म्हातारं माणूस सोबत असेल तर घरातली एक खोलीही मागून घ्या. आम्ही घेतली नव्हती, आईला त्रास झाला.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप जरूर वापरा. ते नुसतं ऐकतं, त्याला माझी हरकत नाही. त्यातले नमुन्याचे आवाज मात्र हेडफोन लावूनच ऐका.

यंदा आम्ही पुन्हा त्याच परसात जातोय. दादालाही बोलावलंय. फोन आईच्या पिशवीत राहील, हे त्याने कबूल केलंय.