‘मोटर गेली’ म्हणण्याआधी : साइड मिररची प्रश्नोत्तरे

पावसाळा निम्मा सरला की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून यायला लागतो. आरसा हलत नाही, म्हणजे मोटर गेली, घरीच बसवायची आहे, तर कुठली घेऊ? ठाण्यात वागळे इस्टेटच्या भागात मी बरीच वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. ‘मोटर गेली’ म्हणून आलेल्या गाड्यांत मोटर खरोखर जळालेली क्वचित निघते. आपल्याकडे खाडीची खारट हवा, त्यात चार महिन्यांची ओल. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, दरवाजातली तार तुटते, फ्यूज उडतो, आणि मोटर जागच्या जागी शाबूत असते.

आतली रचना एकदा समजून घ्या. काचेच्या मागे प्लॅस्टिकच्या एका डबीत दोन छोट्या मोटर असतात. एक काच वर-खाली करते, दुसरी डावी-उजवी. साध्या गाड्यांत दोघींना मिळून तीनच तारा असतात. बटण दाबलं की तारांमधला प्लस-मायनस पालटतो आणि मोटर उलटी फिरते. आरसा दुमडणारी मोटर तिसरी, ती खाली दरवाजाजवळच्या सांध्यात बसते. नव्या, महाग गाड्यांत बटण आणि मोटर यांच्यामध्ये कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे मोटरला हुकूम देणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा असतो. त्यांना इथली तपासणी जशीच्या तशी लावू नका.

दोन्ही आरसे एकाच दिवशी बंद पडले. दोन्ही मोटर गेल्या का? (कळवा)

नाही. आधी डावा-उजवा निवडायचं बटण मधोमध तर राहिलेलं नाही ना, ते बघा. मधोमध असलं की कुठलाच आरसा हलत नाही. मग फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत आरशाचा फ्यूज चार्जिंगच्या सॉकेटशी किंवा म्युझिक सिस्टिमशी सामाईक असतो. तेही बंद असेल तर दोष आरशात शोधूच नका. सॉकेटमध्ये खोचलेला स्वस्तातला चार्जर आधी उपसून काढा.

उजवा आरसा वर-खाली होतो, पण डावी-उजवीकडे नेताना नुसती कटकट होते. मोटर घरी बदलता येईल का? (ऐरोली)

आवाज येतोय म्हणजे करंट पोचतोय आणि मोटर फिरतेय. आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचा दात गेलाय, किंवा काच ज्या खोबणीत बसते तिथून निसटलीय. काच निसटली असेल तर मधोमध तळव्याने हलके दाबल्यावर ‘खट्’ होऊन बसते. तेवढं करून पाहा. गिअर गेला असेल तर डबी बदलावी लागते. हे काम घरी होण्यासारखं आहे, पण घाई केली तर काच फुटते.

आधी काचेवर आडवा-उभा चिकटपट्टीचा फुलीसारखा पट्टा लावा, म्हणजे फुटलीच तर तुकडे उडणार नाहीत. हातमोजे आणि चष्मा घाला. हेअर ड्रायरने काच दोनेक मिनिटं कोमट करा. गार प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटतात, कोमट झाल्या की वाकतात. मग काचेची वरची कड आत दाबा, खाली फट पडेल. त्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी घाला. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घालू नका, त्याने काचेच्या पाठीवरचा चंदेरी थर खरवडला जातो. एकेक क्लिप सुटेल तसा आवाज येईल. शेवटची सुटली की काच ओढू नका. मागे काच तापवणाऱ्या हीटरच्या दोन चपट्या पिना असू शकतात. वायर धरून ओढली की पिन काचेसकट उखडते आणि मग नवी काच घ्यावी लागते.

आरसा अजिबात आवाज करत नसेल तर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, लावा. डीसी २० व्होल्टवर ठेवून मोटरच्या कनेक्टरवर धरा आणि दुसऱ्या कोणाला बटण दाबायला सांगा. १२ च्या आसपास आकडा यायला हवा. उलट दिशेचं बटण दाबलं की तोच आकडा उणे चिन्हासह येतो. आकडा येतो आणि मोटर गप्प, तर मोटर संशयित. आकडाच नाही, तर स्विच किंवा तार. मात्र सडलेल्या तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवतो, आणि त्या एका धाग्यावर मोटर फिरत नाही. साध्या वायरिंगच्या गाडीत आम्ही तिथे छोटा बल्ब लावतो. तो मिणमिणला तर दोष तारेत. मॉड्यूलवाल्या गाडीत बल्ब लावू नका. इथवर येऊन खात्री वाटत नसेल तर नवी मोटर विकत घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

आरशाचा फ्यूज आठवड्यातून दोनदा उडतो. ओळखीच्या माणसाने मोठा फ्यूज टाकायला सांगितलंय. टाकू का? (खारघर)

टाकू नका. टाकला असेल तर हे वाचायचं थांबवून आधी जाऊन काढा.

फ्यूज मोटरच्या रक्षणासाठी आहे असं बहुतेकांना वाटतं. फ्यूज तारेसाठी असतो. आरशाकडे जाणारी तार बारीक असते आणि तिला झेपेल तेवढाच करंट जावा म्हणून कारखान्यातून ठरावीक आकड्याचा फ्यूज बसवलेला असतो. पात्याच्या फ्यूजांचे रंग सगळीकडे सारखे : ७.५ अँपिअरचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. तपकिरीच्या जागी पिवळा बसतो, कारण आकार एकच. पण मग २० अँपिअरपर्यंत फ्यूज तसाच राहतो आणि मध्ये तार तापते.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक गाडी आली, तिच्यात नेमकं हेच झालं होतं. रस्त्याकडेच्या एकाने तपकिरीच्या जागी पिवळा घालून दिला होता. मालकाची तक्रार एवढीच होती की दार उघडलं की करपट वास येतो. मी दरवाजा आणि खांबामधलं घड्याघड्यांचं रबर मागे सरकवलं. आत एका पांढऱ्या तारेचं आवरण दाराच्या बिजागरीपाशी दुमडून दुमडून चिरलं होतं आणि उघडं तांबं पत्र्याला टेकत होतं. तार धरली तर तिचं प्लॅस्टिक माझ्या बोटाला चिकटून आलं. शेजारच्या, खिडकीच्या काचेच्या मोटरची तारही अर्धी वितळली होती. त्या गाडीच्या मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बसवलेली होती. हे सांगताना मला अजूनही राग येतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणजे तार कुठेतरी पत्र्याला लागतेय किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. दार उघडताना-लावताना उडत असेल तर ते रबर आधी बघा. आरसा दुमडताना उडत असेल तर सांध्यातली तार बघा. धुतल्यावर किंवा पावसानंतर उडत असेल तर कनेक्टर.

तुटलेली तार पिळून वर टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. नुसतं सोल्डर मारणंही तिथे चालत नाही, कारण सोल्डरपाशी तार कडक होते आणि दार चार महिने उघडझाप केलं की त्याच्या शेजारी पुन्हा तुटते. तार दुमडते त्या भागातून पूर्ण नवी, मऊ, त्याच जाडीची तार घालायची आणि जोड रबराच्या बाहेर, न हलणाऱ्या जागी आणून त्यावर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवायची. जुनं तांबं काळं पडलं असेल तर ते उजळ लागेपर्यंत मागे कापत जायचं. याच रबरातून दाराचं लॉक, स्पीकर, खिडकीची काच आणि काही गाड्यांत एअरबॅगच्या सेन्सरच्या तारा जातात. पिवळा कनेक्टर किंवा पिवळं आवरण दिसलं की हात लावू नका, गाडी जाणकाराकडे न्या. बाकी कुठलीही तार कापताना-जोडताना बॅटरीची मायनस तार आधी सोडवा.

घोडबंदर रोडवर बाईकवाल्याने आरसा उलटा दुमडला. आता बटणाने पूर्ण उघडत नाही, नुसता घरघरतो. (कासारवडवली)

हाताने किंवा धक्क्याने दुमडला की मोटरचा खटका आपल्या जागेवरून सरकतो. गाडी उभी असताना बटणाने तीन-चार वेळा दुमडा-उघडा. बऱ्याचदा मोठा ‘खट्’ होऊन बसतो, त्या आवाजाने घाबरू नका. तरीही मोटर घरघरतच राहिली तर दात गेलाय. बटण दाबत बसू नका, दाखवून घ्या. बटणाने दुमडणारा आरसा रोज हाताने दुमडायची सोसायटीच्या पार्किंगमधली सवयही सोडा.

आरशाच्या फटीत गंज सोडवायचा स्प्रे मारा, मोटर मोकळी होते, असा मेसेज आलाय. (नेरूळ)

मारू नका. गिअर प्लॅस्टिकचे आहेत, त्यांना गंज चढत नाही. स्प्रे आतलं ग्रीस धुऊन काढतो आणि वर धूळ चिकटवतो. पिना हिरव्या झाल्या असतील तर बॅटरी सोडवून काँटॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे जोड साफ करायचा स्प्रे, वापरा.

दुकानदार म्हणतो, मोटर सुटी मिळत नाही, अख्खा आरसाच घ्यावा लागेल. खरं का? (कोपरखैरणे)

काही मॉडेलमध्ये खरं आहे. पण काच, कव्हर, मोटर यांतलं काय सुटं मिळतं ते पार्ट नंबर टाकून दाखवायला सांगा, आणि काढलेला जुना भाग परत मागा. जुना भाग द्यायला जिथे कां-कूं होते तिथे काम देऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून वापरलेला आरसा घेणार असाल तर बाजू, कनेक्टरच्या पिनांची संख्या आणि हीटर-इंडिकेटर आहे की नाही, हे आपला जुना आरसा शेजारी धरून जुळवा. तिथेच बॅटरी लावून फिरवून बघा.

काच फुटली, मोटर ठीक आहे. बाजारातली कापीव काच टेपने चिकटवली तर? (वाशी)

तात्पुरतीही नको. क्लीनरच्या, म्हणजे डाव्या बाजूची काच बहुधा बहिर्वक्र (बाहेर फुगीर) असते, म्हणून तिच्यात जास्त रस्ता दिसतो आणि मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब भासते. तुमची नजर त्या अंतराला सरावलेली असते. तिथे सपाट काच लावली की शेजारच्या लेनचा मोठा तुकडा दिसेनासा होतो. शिवाय वाढलेल्या वजनाने मोटरचे गिअर जातात. तुमच्या मॉडेलची, क्लिपांची काच घ्या.

गाडी वॉरंटीत आहे, आरशात कॅमेरा आहे. उघडू का? (घणसोली)

नको. सर्व्हिस सेंटरला द्या. कॅमेरा हलला की पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे मापून जुळवावा लागतो.

आरसा थोडा थरथरतो, मोटर मध्येच अडकते. दिवाळीनंतर बघितलं तर चालेल ना? (कामोठे)

चालणार नाही. तुम्ही रोज सायन-पनवेल हायवेने जाता असं लिहिलंय. थरथरत्या काचेत मागचा ट्रक किती जवळ आलाय ते कळत नाही, आणि पावसात तर फक्त त्याच्या दिव्यांचे डाग दिसतात. निसटायला आलेली काच एखाद्या खड्ड्यात पडते आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या पुढ्यात फुटते. आजच गाडी उभी करून, काचेच्या कडेला बोटांनी हळूहळू दाबत तिला योग्य कोनात आणा. बहुतेक गाड्यांत आरशाच्या डबीतला क्लच, म्हणजे जोर आला की घसरणारी जोडणी, तेवढं सोसतो. जोर लावावा लागला तर थांबा. मग बटणाला हात न लावता याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडे जा, आणि त्याला ‘मोटर बदला’ असं न सांगता ‘करंट कुठपर्यंत पोचतोय ते बघा’ असं सांगा.