नव्या लॅपटॉपवर सिनेमे बघायला आणि मराठीत अर्ज-पत्रं लिहायला फुकट सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

सिनेमे-गाण्यांसाठी व्हीएलसी आणि लिखाणासाठी लिबरऑफिस घ्या. घरच्या वापराला एवढ्यात भागतं. दोन्ही मी रोज वापरतो. व्हीएलसी पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभं राहिलं, आता व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था ते सांभाळते, म्हणून त्यात जाहिराती नाहीत. वेगळे कोडेक (व्हिडिओ-आवाज उलगडणारे जोडप्रोग्राम) न टाकता एमकेव्ही प्रकारच्या व्हिडिओ फायलींपासून जुन्या व्हीसीडीपर्यंत जवळपास सगळं चालतं. सबटायटल संवादाच्या पुढेमागे पळत असतील तर जी आणि एच या कळा दाबून जुळवून घ्या, फार उपयोगी सोय आहे ही. डाउनलोड मात्र व्हिडिओलॅनच्याच साइटवरून करा. इतर ठिकाणच्या फायलींत नको ते चिकटलेलं असू शकतं. लिबरऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिस या तशाच फुकट सॉफ्टवेअरमधून वेगळं झालं. त्याचे मेनू मराठीतही मिळतात आणि पीडीएफ थेट बनते.

एक अडचण धरून चाला: वर्डमध्ये केलेली तक्ते-चौकटींची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की मांडणी थोडी सरकते. अर्ज पाठवायचा असेल तर पीडीएफच पाठवा.