हीटवर ठेवलं तरी गार हवा? आधी ओ/बी सेटिंग बघ

अरे मित्रा, नवा थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारं भिंतीवरचं यंत्र) लावल्यावर हीट पंप, म्हणजे घर गरम आणि गार दोन्ही करणारं यंत्र, उलटं चालायला लागलं तर युनिटच गेलं असं लगेच धरू नकोस. हीटला गार आणि कूलला गरम येतंय म्हणजे बहुतेक रिव्हर्सिंग व्हॉल्व्हला सिग्नल उलटा जातोय, तो व्हॉल्व्ह गॅसची दिशा बदलतो आणि त्याची वायर थर्मोस्टॅटच्या ओ/बी (O/B) टर्मिनलला असते. वायर सहसा केशरी, पण रंगावर जाऊ नकोस, जुन्या थर्मोस्टॅटवर ती कुठल्या अक्षराला होती ते बघ, काढायच्या आधी फोटो घेतला असशील तर उत्तमच. बहुतेक कंपन्या ओ वापरतात म्हणजे कूलिंगला व्हॉल्व्हला करंट मिळतो, रीम आणि रूडचं सहसा बी असतं, तिथे हीटिंगला. थर्मोस्टॅटच्या मेनूत जाऊन तेवढं बदल, आणि सिस्टीम टाइप हीट पंपच आहे ना तेही बघ. मग पाचेक मिनिटं थांब, कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही, उगाच बटणं दाबत बसू नकोस.

आता हे नीट ऐक, वायरींना हात लावायच्या आधी ब्रेकर बंद कर, आतल्या एअर हँडलरचा (घरात हवा फेकणाऱ्या युनिटचा) पण आणि बाहेरच्या युनिटचा पण. 24 व्होल्टच तर आहे म्हणून चालू ठेवलंस आणि आर (R, करंट आणणारी) वायर सी (C, करंट परत नेणारी) ला टेकली की कंट्रोल बोर्डावरचा छोटा फ्यूज उडतो आणि स्क्रीन काळी पडते.

आणि हवा कोमट वाटली तर घाबरू नकोस, हीट पंपाची हवा गॅस फर्नेसइतकी कडक नसतेच. फक्त बाहेर फारशी थंडी नसताना ऑक्स हीट (मदतीला असलेला जादा हीटर) सारखी लागत असेल तर तिचं सेटिंग तपास, बिल भयंकर येतं.