प्रवचन एकच, मतं घरोघरी वेगळी

प्रश्न : ताई, आम्ही कॅथलिक, नागपुरात मोहननगरला राहतो. नणंदेला तिसऱ्यांदा दिवस गेलेत, नववा आठवडा चालू आहे. तिला मूल नकोय, गर्भपात करायचाय. रोज रोझरी म्हणणाऱ्या सासूबाई म्हणतात, "करून टाक, पण बोभाटा नको." क्वायरमधल्या मैत्रिणीनं मात्र हे कळल्यापासून तिच्याशी बोलणंच टाकलंय. सगळे एकाच चर्चला जातात, एकच प्रवचन ऐकतात. मग मतं इतकी वेगळी कशी?

उत्तर : प्रवचनानं मतं ठरत असती तर माझी अर्धी नोकरी वाचली असती! मी तुमच्याच नागपूरच्या सदर भागातली, कॅथलिक, प्रसूती वॉर्डातली निवृत्त सिस्टर. आपल्या बायका आल्या, की "दुखेल का?" याच्या आधी विचारायच्या, "फादरला कळेल का हो?" देवाला कळेल याची धास्ती नसायची, तो सांभाळून घेईल असं धरूनच यायच्या. भीती असायची ती रविवारच्या मिस्सेनंतर बाहेर उभ्या राहणाऱ्या बायांची.

सासूबाईंची पिढी कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या जाहिराती बघत वाढली. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन निषिद्धच ठरवलं होतं. तरी दोन-तीन मुलं झाली की कॅथलिक बायकाही ऑपरेशन करून घ्यायच्या आणि पुढच्या रविवारी कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीच्या, रांगेत असायच्या. एक नियम असा गुपचूप बाजूला ठेवला, की दुसरा ठेवताना हात तितका थरथरत नाही. उलट जिची कूस वर्षानुवर्षं उजवली नाही, किंवा जिचं पोटातलं बाळ गेलंय, तिला हा विषयही सोसत नाही. मैत्रिणीच्या घरचं मला काय माहीत? पण तिचं तोंड फिरवणं म्हणजे नुसता सोवळेपणा, असं लगेच ठरवू नका.

चर्चची शिकवण स्पष्ट आहे : गर्भपात हे गंभीर पाप, आणि जाणूनबुजून केला तर बहिष्कार, म्हणजे चर्चचे संस्कार बंद, आपोआप लागू. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण जबर भीतीपोटी केलेल्या कृत्याला हा आपोआप बहिष्कार लागत नाही, हेही चर्चच्याच कायद्यात आहे. आणि कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली देताना, या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये सगळ्याच फादरांना कायमचा दिला. हे मात्र कुणी सांगत बसत नाही. धाकाची गोष्ट कशी झपाट्यानं पसरते!

माझं मत विचाराल तर मला गर्भपात पटत नाही. म्हणून नणंदेला कोंडीत पकडणंही पटत नाही. ती सज्ञान आहे, कायद्यानं संमती तिचीच लागते, नवऱ्याची सही लागत नाही. गर्भनिरोधक फसलं असेल तर तेही कारण कायद्याला चालतं, आणि वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. तिचं नाव डॉक्टरांनी बाहेर फोडलं तर तो गुन्हा. घरगुती गोळ्या-काढे अजिबात नकोत. फादरांशी बोलायचं असेल तर तिनं एकटीनं जावं, सासूबाईंना घेऊन नव्हे.

आणि सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं असेल, तर एकदा विचारून बघा, तेव्हा त्यांनी कुणाला विचारलं होतं ते.