व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून जाताय, तर मुलाच्या शाळेचं आधी वाचा

तुम्ही लिहिलंत की पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवता, ते कसं शिकवावं यावरच संशोधन करायला वर्षभर अमेरिकेत जायचंय आणि सोबत आठ वर्षांचा मुलगा आहे. अगदी असाच प्रश्न घेऊन मी आले आणि इथेच राहिले. त्यामुळे तुमचं वाचून काल झोप लागली नाही.

व्हिसाचं बाकी सगळं विद्यापीठ सांगेल. फक्त तुमची नोंद 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' अशी होत नाही ना, ते बघा. त्यात सहा महिन्यांवर एक दिवस वाढवून मिळत नाही. 'रिसर्च स्कॉलर'ला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो कार्यक्रम संपला की त्याच प्रकारात परत यायला २४ महिने थांबावं लागतं.

बोलावणं मागणारी पत्रं नुसती संख्याशास्त्र विभागांना पाठवू नका. मी वर्षभर तेच केलं. आपल्या विषयातली माणसं बरेचदा शिक्षणशास्त्राकडे असतात. मिनेसोटा विद्यापीठात संख्याशास्त्र शिक्षणाची पीएचडी शैक्षणिक मानसशास्त्र विभागात होते. 'स्टॅटिस्टिक्स एज्युकेशन रिसर्च जर्नल' फुकट वाचता येतं. ज्यांना लिहिणार त्यांचे लेख आधी वाचा आणि पत्रात आपली थोरवी न सांगता एकच नेमका प्रश्न मांडा. तुमचे विद्यार्थी पी-व्हॅल्यूचा, म्हणजे संख्याशास्त्रीय चाचणीतून निघणाऱ्या त्या आकड्याचा, अर्थ काय लावतात, एवढाही पुरे.

खरा जाच नैतिकता समितीचा, म्हणजे आयआरबीचा. विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर संशोधन म्हणजे माणसांवरचं संशोधन. मी दोन वर्गांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून आणल्या होत्या, पण त्या मुलांची संमती घेतलेली नव्हती. अर्ज चार महिने मागे-पुढे होत राहिला. दर वेळी नवा रकाना, नवी शंका, आणि शेवटी त्यातली एकही उत्तरपत्रिका वापरता आली नाही. चुकलं माझंच, पण ते चार महिने अजून डाचतात. संमतीपत्रं निघायच्या आधी घ्या. तिथल्या प्राध्यापकांना अर्ज आत्ताच सुरू करायला सांगा, आणि त्यासाठीचं ऑनलाइन प्रशिक्षण घरूनच उरकून टाका.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कामात दिवस निघून जातो.

माझ्या मुलीच्या शाळेचा मात्र विसर पडत नाही. तीही तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असं विचारतात. मी मराठी लिहिलं. तुम्हीही तेच लिहा, खोटं लिहू नका. पण ते लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पोचून तीन दिवस झाले होते, तिची झोप उलटीपालटी झालेली. अनोळखी बाईंसमोर ती तोंडच उघडेना. इंग्रजी वाचता येणारी माझी मुलगी वर्षभरासाठी जादा इंग्रजीच्या गटात गेली. एका चाचणीच्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, हे शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आणि मी तो आकडा बघून मान डोलावली.

वसंतात शाळेने पालकांना वर्ग बघायला बोलावलं. भिंतीवर ठिपक्यांचा आलेख होता: आपल्या नावात अक्षरं किती? प्रत्येक मुलाने आपला गोल कागद चिकटवलेला. माझाच विषय, म्हणून मी हौसेने मोजायला लागले. वर्गात मुलं तेवीस, ठिपके बावीस. तिला विचारलं, तर म्हणाली, "आई, गणिताच्या तासाला मी इंग्रजीच्या खोलीत असते ना." सहज म्हणाली. मी तिथल्या छोट्या खुर्चीवर बसून राहिले.

ती आता मोठी झाली आहे, तिला हे आठवतही नाही. मी अजून वर्गात ठिपक्यांचा आलेख काढायला घेतला की आधी मुलं मोजते, मग ठिपके.

मुलाची झोप ताळ्यावर येईपर्यंत चाचणीला थोडे दिवस मागून घ्या. गटात घातलंच तर कोणता तास बुडणार ते विचारा. तो गट नाकारायचा हक्क पालकांना असतो, तेही लक्षात ठेवा. आणि सही मागितली तर कागद घरी नेऊन वाचते म्हणा. मी ऑफिसातल्या काउंटरवर उभ्या उभ्या केली होती.