त्या नाल्या नाहीत, जुनी नांगरट आहे

"जानेवारीत बर्मिंगहॅमला उतरताना बर्फ पडलेल्या कुरणांवर समांतर पट्टे दिसले, ऑफिसातला म्हणतो पाण्याच्या नाल्या आहेत" ही फोटोसकटची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. या 'नाल्यां'नी माझंही डोकं खाल्लंय.

मी पुरातत्त्ववाला नाही, हौशी आहे, चूभूद्याघ्या. पण ही बहुधा मध्ययुगीन नांगरट. इंग्लंडमधला जड नांगर माती उजवीकडे पलटायचा. पट्ट्याच्या मधोमध सुरुवात करून गोल फेऱ्या मारल्या की माती दर वेळी मध्याकडे सरकते आणि पिढ्यानपिढ्या हेच केलं की मधला भाग फुगतो. (पोस्टखाली कुणीतरी याला सरी-वरंबा म्हटलंय. तो आपण हंगामापुरता पाडतो. शिवाय आपला लाकडी नांगर माती फाडतो, पलटत नाही.) अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेतं कुंपणबंद झाली, बऱ्याच ठिकाणी गवत लावलं, म्हणून मिडलंड्समध्ये (मध्य इंग्लंडात) हे टिकलं.

पोस्टमधला फोटो मोठा करून बघा. पट्टे उलट्या 'एस'सारखे किंचित वळलेले असतील तर जुनेच समजा. बैलांची लांबलचक जोडणी टोकाला वळवायची तर आधीपासूनच कलावं लागे. अगदी सरळ आणि अरुंद असतील तर बहुधा एकोणिसाव्या शतकातले, मग मी पैज लावणार नाही.

आता माझं दुखणं. इंग्लंडमधल्या आमच्या गावाजवळच्या अशाच एका कुरणाची नोंद व्हावी म्हणून एका कार्यालयाला (नाव घेत नाही) फोटो पाठवला. उत्तर आलं: "हे ड्रेनेज दिसतंय, आमच्याकडे येत नाही." ड्रेनेजवाल्यांनी कळवलं, इथे आमचं काहीच नाही, पहिल्यांकडे जा. पहिल्यांनी नवा फॉर्म भरायला लावला, नकाशासकट. तो फॉर्म त्यांच्या टेबलावर असतानाच मालकानं कुरण नांगरलं. त्याचा हक्क होता. अशा बहुतेक कुरणांना कायद्याचं वेगळं संरक्षण नाही. पण आधी कुणी जागेवर येऊन मोजमाप तरी घेतलं असतं! ओल्या मातीवर फिकट-गडद पट्टे तेवढे उरले होते, पायाला चढउतार लागतच नव्हता.

म्हणून माझं मत: कुणाला 'हे काय आहे' असं विचारूच नका. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा लायडार (विमानातून लेझरनं मोजलेला जमिनीचा चढउतार) फुकट आहे, त्यावर पट्टे स्वतः शोधा. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या ऑनलाइन नकाशावर हवाई फोटोंवरून टिपलेल्या खुणा आहेत, तिथे तुमचं कुरण आहे का बघा. मग ग्रिड रेफरन्ससह (नकाशावरच्या जागेचा क्रमांक) थेट काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऐतिहासिक नोंदवहीला लिहा, आणि पत्रात 'नाली' हा शब्द चुकूनही नको.

ऑफिसातल्याला पटत नसेल तर बकिंगहॅमशरमधल्या पॅडबरीचा १५९१ चा नकाशा आणि तिथला हवाई फोटो शेजारी ठेवून दाखवा. नकाशातल्या शेतपट्ट्या फोटोत ओळखता येतात.

पुढच्या वेळी खिडकी घ्या, तीही सकाळच्या किंवा संध्याकाळच्या विमानात. ऊन तिरपं हवं. ऊन डोक्यावर असताना त्याच कुरणात फारसं काही दिसत नाही.